एनबीएचा रेफ्री विकला जातो का? २००२ ची सहावी मॅच, डॉनही आणि माझी एक चुकलेली शिट्टी

अर्धाकोर्ट | रवि, रात्री ११:४०

आज फोंड्याला आंतरशालेय बास्केटबॉलची सेमीफायनल होती. शिट्टी माझ्याकडे. अठरा सेकंद उरलेली, एका गुणाचा फरक. निळ्या बनियनमधला पोरगा बेसलाइनवरून आत घुसला, पिवळ्यातला आडवा उभा राहिला, दोघं आदळले आणि दोघंही पडले. मी शिट्टी मारून दोन्ही हात कमरेवर ठेवले. म्हणजे ब्लॉक, फाऊल पिवळ्याचा. निळ्याने दोन्ही फ्री थ्रो घातले, मॅच खलास.

घरी येऊन कुणाच्या तरी बाबांनी काढलेला व्हिडिओ सहा वेळा पाहिला. पिवळ्याचे दोन्ही पाय जमिनीवर, छाती समोर, तो आधीच येऊन उभा होता. तो चार्ज होता, म्हणजे फाऊल निळ्याचा. चुकलो मी.

पण मैदानातून बाहेर पडताना कठड्यावरून एक पालक ओरडला, "सेटिंग आसा रे हांगा, सेटिंग! रेफ्री विकलो!" मला या स्पर्धेचं दिवसाला साडेतीनशे रुपये मानधन आणि एक सामोसा मिळतो. सामोसा थंड होता.

झोप येईना म्हणून एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या टिम डॉनहीचं प्रकरण पुन्हा काढून वाचलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा तेरा सीझन एनबीएत रेफ्री होता. जुलै २००७ मध्ये राजीनामा दिला, ऑगस्टमध्ये कोर्टात गुन्हा कबूल केला, २००८ मध्ये १५ महिन्यांची शिक्षा. स्वतः शिट्टी मारत असलेल्या मॅचेसवरही तो पैसे लावायचा, आणि पुढे जुगाऱ्यांना टिप द्यायला लागला. एफबीआय त्याच्या मागावर नव्हतीच, ती न्यूयॉर्कच्या गँबिनो टोळीचा तपास करत होती, त्यात हा सापडला.

माझ्या डोक्यातून जात नाही ती त्याची पद्धत. शाळेतले दोन जुने दोस्त, मार्टिनो आणि बतिस्ता. डॉनही मार्टिनोला फोन करायचा आणि गप्पांत मार्टिनोच्या एका भावाचं नाव काढायचा. एका भावाचं नाव म्हणजे यजमान संघ, दुसऱ्याचं म्हणजे पाहुणा. मार्टिनो ते बतिस्ताला सांगायचा, बतिस्ता पैसे लावायचा. बरोबर आलेल्या टिपेमागे डॉनहीला आधी २,००० डॉलर, मग ५,०००. बस. ऐकणाऱ्याला वाटेल दोन मित्र घरच्यांची खुशाली विचारतायत.

इथे पहाटे उठून मॅच बघणारे बरेच आहेत. तुम्हाला काय वाटतं? लीग ठरवून कुणाला जिंकवते का?

---

पर्पल_राजा | सोम, सकाळी ७:०५

वाटतं काय? माहीत आहे. ३१ मे २००२. वेस्टर्न कॉन्फरन्स फायनल, सहावी मॅच, लॉस एंजेलिस. सॅक्रामेंटो किंग्ज ३-२ ने पुढे, एक मॅच जिंकली की फायनलमध्ये. चौथ्या क्वार्टरमध्ये यजमान लेकर्सना फ्री थ्रो किती? २७. पहिल्या तीन क्वार्टरमध्ये मिळून १३. बारा मिनिटांत छत्तीस मिनिटांच्या दुप्पट! दिवाच आणि पोलार्ड, आमचे दोन्ही उंच गडी सहा-सहा फाऊल होऊन बाहेर. शेवटी शेवटी लेकर्सच्या कोबी ब्रायंटचं कोपर आमच्या माइक बिबीच्या नाकावर बसलं, नाकातून रक्त, आणि कोबीविरुद्ध शिट्टी नाही. १०६-१०२. सातवी मॅच ओव्हरटाइममध्ये गेली, तीही गेली.

मी त्या वेळी चार वर्षांचा होतो, त्यामुळे हे सगळं यूट्यूबवर. पण २०१९ ला मुंबईत वरळीच्या डोममध्ये किंग्ज आणि पेसर्स खेळायला आले तेव्हा थिवीहून रात्रीची ट्रेन पकडून गेलो होतो. मालक आपले विवेक रणदिवे, जुहूचे. दुसऱ्या दिवसाचं तिकीट मिळालं, २४ गुणांनी हरलो. त्यात रेफ्रीचा काही दोष नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगतो.

२००२ बद्दल मात्र माझ्याशी वाद घालू नका. ग्राहक चळवळीतले राल्फ नेडर, तेसुद्धा एनबीएच्या कमिशनरला पत्र लिहून मोकळे झाले होते.

---

सुंगटाचें_हुमण | सोम, सकाळी ७:२२

रात्रीची ट्रेन पकडून २४ गुणांनी हरायला गेला. याला म्हणतात भक्ती.

---

आल्तिनोचा_आजोबा | सोम, सकाळी ९:५०

अर्धाकोर्ट, पहिली गोष्ट, ती शिट्टी विसरा. दुसरी गोष्ट, तुमचा प्रश्नच थोडा चुकलाय.

मी बास्केटबॉल फारसा बघत नाही, मी फुटबॉलचा माणूस. पण जुगार बघितलाय. आमच्या लहानपणी मटक्याचा आकडा फुटला की आधी चहाच्या गाड्यावर कळायचं, मग पेपरात. धिरयोला कोर्टाची बंदी आहे, तरी कुणीतरी कुठेतरी रेडे झुंजवतोच आणि शेताच्या बांधावर नोटा फिरतात. सगळीकडे एकच गोष्ट बघितली. पैज लावणाऱ्याला कोण जिंकतो याच्याशी घेणंदेणं नसतं. त्याला त्याचा आकडा यायला हवा. धिरयोत निदान रेड्याला आदल्या रात्री फोन करता येत नाही.

अमेरिकेत बास्केटबॉलवरची मुख्य पैज कशी असते हे नातवाने मला समजावलं, ते असं. समजा एक संघ तगडा आहे. कोण जिंकेल यावर पैज घेतली तर सगळेच तगड्यावर लावतील. म्हणून बुकी म्हणतो, तगडा सात गुणांपेक्षा जास्त फरकाने जिंकायला हवा, तरच त्याच्यावर लावलेले पैसे मिळतील. या सातला ते स्प्रेड म्हणतात. आता तगडा आठने पुढे आहे, चाळीस सेकंद उरलीत. बघणाऱ्यासाठी मॅच संपली. लोक गाडीच्या चाव्या शोधतायत. या वेळी एक साधा फाऊल दिला, समोरच्याने दोन फ्री थ्रो घातले, फरक सहा. त्या शिट्टीवर कोण ओरडणार? तगडा जिंकलाच आहे. पण कुणाचे तरी लाखो बुडाले आणि कुणाचे तरी आले.

---

अर्धाकोर्ट | सोम, दुपारी १:१५

आजोबा, हे जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि घास हातातच राहिला.

शिट्टी मारणारा म्हणून एक सांगतो. बास्केटबॉलमध्ये प्रत्येक वेळी बॉल आत गेला की कुठेतरी धक्का लागतोच. मनात आणलं तर दर पंधरा सेकंदाला एक फाऊल देता येईल आणि त्यातला एकही धडधडीत खोटा म्हणता येणार नाही. क्रिकेटमध्ये नो-बॉलला रेषा असते. इथे रेषा माझ्या डोळ्यात असते. फिक्सरला यापेक्षा सोयीचा खेळ सापडणार नाही.

अमेरिकेत हे जुनंच आहे. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजचे खेळाडू पकडले गेले. त्यांच्यावर आरोप होता की ते पैसे घेऊन मॅचमधला फरक जुगाऱ्यांच्या आकड्यात बसवायचे. १९७८-७९ च्या बॉस्टन कॉलेज प्रकरणातही तेच, आकड्याच्या अलीकडे-पलीकडे.

पर्पल_राजा, आता तुझं २००२. डॉनहीने २००८ मध्ये कोर्टाला दिलेल्या पत्रात एका मॅचबद्दल लिहिलं की लीगचे लाडके दोन रेफ्री सिरीज सात मॅचेसपर्यंत लांबवायला निघाले होते. संघांची नावं दिली नव्हती, पण त्या वर्षीच्या प्लेऑफमध्ये सात मॅचेसपर्यंत गेलेली सिरीज एकच होती. म्हणजे तुझीच. मात्र डॉनही स्वतः त्या मॅचला नव्हता. तुरुंगात जायच्या आधी शिक्षा कमी व्हावी म्हणून माणूस काय काय आठवतो, तेही धरायला हवं.

आणि एक टोचणारी गोष्ट. सातवी मॅच सॅक्रामेंटोत, घरच्या मैदानावर. किंग्जना ३० फ्री थ्रो मिळाले. घातले १६. ती रेषा कुठल्या रेफ्रीने मागे सरकवली होती?

---

पर्पल_राजा | सोम, दुपारी १:३१

हा घाव कमरेखालचा आहे. ब्लॉक करतोय तुला. (फाऊलवाला ब्लॉक नव्हे.)

पण बाबा, २००६ ची फायनल घे मग. मायामीचा ड्वेन वेड, पाचवी मॅच, एकट्याला २५ फ्री थ्रो. समोरच्या डॅलस संघाला सगळ्यांना मिळून २५. मायामी एका गुणाने जिंकली. सहा मॅचेसमध्ये वेडचे ९७. याला तू काय म्हणणार? त्याचेही पाय जमिनीवर होते?

---

डिचोलीची_लेक | सोम, संध्या. ६:४०

मी कॉलेजला असताना चार वर्षं पॉइंट गार्ड खेळले, म्हणून थोडं लिहिते.

आकड्यांवरून पैसे खाल्ले असं सिद्ध होत नाही. वेड त्या सिरीजमध्ये सतत आत घुसत होता, डॅलस बाहेरून शॉट मारणारा संघ. जो आत जातो त्याला फ्री थ्रो मिळतात. पण पर्पल_राजा, तुझं सगळंच उडवत नाहीये मी. पैसे न खाताही रेफ्री एका बाजूला झुकतो, आणि त्याला स्वतःला पत्ता नसतो.

२००७ मध्ये जस्टिन वुल्फर्स आणि जोसेफ प्राइस या दोन अर्थतज्ज्ञांचा एनबीएवरचा अभ्यास बाहेर आला. तेरा सीझनचे बॉक्स स्कोअर तपासले. रेफ्रींची तिकडी गोरी असली की कृष्णवर्णीय खेळाडूंना, आणि उलट असली की गोऱ्यांना, थोडे पण मोजता येतील इतके जास्त फाऊल मिळत होते. लीग तेव्हा चिडली, अभ्यासच चुकीचा म्हणाली. गंमत पुढे आहे. पेपरात गाजावाजा झाल्यानंतरच्या वर्षांचे आकडे काढले तर तो झुकाव गायब. कुणाला निलंबित केलं नाही, कुणाचं प्रशिक्षण झालं नाही. आपल्याकडे कुणी बघतंय हे कळलं, एवढंच.

आता माझा अनुभव. आम्ही एका बाहेरच्या कॉलेजच्या हॉलमध्ये खेळत होतो, बाल्कनीत त्यांची तीनशे पोरं, ढोल, थाळ्या. तिसऱ्या क्वार्टरमध्ये मी बॉल घेऊन वळले की वरून एका सुरात "ट्रॅव्हल!" म्हणजे बॉलचा टप्पा न देता पावलं टाकली. पहिल्या दोन वेळा रेफ्रीने दुर्लक्ष केलं. तिसऱ्या वेळी त्याचा हात वर गेला आणि मूठ गरगरली. मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याने नजर खाली घातली. त्या माणसाने कुणाकडून पैसे घेतले नव्हते, मला आजही खात्री आहे. त्याचे कान विकले गेले होते.

अर्धाकोर्ट, रविवारी आवाज कुठल्या बाजूचा जास्त होता?

---

अर्धाकोर्ट | सोम, संध्या. ७:०२

निळ्यांचा. शाळा जवळची होती, दोन बसेस भरून आले होते.

हे मी मूळ धाग्यात लिहिलं नव्हतं, नाही का.

---

वास्को_थ्री | सोम, रात्री ९:१८

मंडळी, तुम्ही सगळे २००२ आणि २००७ मध्ये अडकलात. आता रेफ्रीला विकत घ्यायची गरजच कुठे उरली?

२०१८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने बेटिंगवरचा केंद्राचा कायदा रद्द केला, तेव्हापासून एकेक राज्य मोबाइलवर बेटिंग उघडत गेलं. आता पैज मॅचवरच लावायची असं नाही. अमुक खेळाडू किती गुण करेल, किती रिबाउंड घेईल, वर की खाली, यावरही लागते. याला प्रॉप म्हणतात.

टोरंटोचा जॉन्टे पोर्टर. राखीव खेळाडू, फार नावाजलेला नाही. २६ जानेवारी २०२४ ला चार मिनिटं खेळला, डोळा दुखतोय म्हणून बसला. २० मार्चला तीन मिनिटंही नाही, बरं वाटत नाही म्हणून बसला. दोन्ही दिवशी कुणीतरी त्याच्या 'खाली'वर पैसे लावले होते. २० मार्चला एकाने ८०,००० डॉलर लावले, ११ लाख मिळाले असते. बेटिंग कंपनीलाच वास आला, पैसे अडवले. एप्रिलमध्ये पोर्टरवर आजन्म बंदी, जुलैमध्ये कोर्टात कबुली. जुगाराचं कर्ज झालं होतं, ते फेडायला हे केलं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये तर तिसाहून जास्त जणांना अटक. टेरी रोझियर या खेळाडूवर आरोप असा की मार्च २०२३ च्या एका मॅचमधून लवकर बाहेर पडणार हे त्याने आधीच कळवलं. पोर्टलंडचा तेव्हाचा कोच चॉन्सी बिलप्स वेगळ्या प्रकरणात, पत्त्यांच्या डावात म्हणे पत्ते पिसायचं मशीनच पढवलेलं. दोघांनीही आरोप नाकारलेत, निकाल लागायचाय.

आपल्याकडे २०१३ ला आयपीएलमध्ये जे ऐकलं, एका ओव्हरचे रन ठरवून देणं, त्याचाच हा भाऊ.

---

सुंगटाचें_हुमण | सोम, रात्री ९:२५

पढवलेलं मशीन वाचून मांडवीतल्या बोटी आठवल्या. मी काही बोललो नाही.

---

आल्तिनोचा_आजोबा | मंगळ, सकाळी ८:३०

वास्को_थ्री, "बरं वाटत नाही" म्हणून बसला हे वाचून थांबलो. आमच्या इंटर-व्हिलेज फुटबॉलमध्ये एक बॅक होता, नाव सांगत नाही, हयात नाही. फायनलला दहाव्या मिनिटाला पोटरी धरून बसला. संध्याकाळी फेस्ताला हाच मांडो म्हणत नाचत होता, दोन्ही पायांवर. गावाने त्याला काही विचारलं नाही. पण पुढच्या वर्षी टीममध्ये घेतलं नाही, आणि त्याच्या बापाच्या दुकानात जाणारे थोडे कमी झाले. पैसे घेतले होते की खरंच गोळा आला होता, देव जाणे.

---

पर्पल_राजा | मंगळ, सकाळी ८:५५

सगळे खेळाडूंवर घसरले, लीग सुटली. डॉनही प्रकरणानंतर एनबीएने चौकशी कुणाकडे दिली? लॉरेन्स पेडोविट्झ नावाच्या वकिलाकडे, लीगनेच नेमलेल्या. ऑक्टोबर २००८ ला अहवाल: दुसरा कुठलाही रेफ्री सामील असल्याचा पुरावा नाही, आणि डॉनहीने मुद्दाम चुकीच्या शिट्ट्या मारल्या असंही सापडलं नाही. म्हणजे माणूस स्वतःच्या मॅचवर पैसे लावतो, पण शिट्टी मात्र गंगाजळासारखी! कोण मानेल? कमिशनर डेव्हिड स्टर्न तर पहिल्या दिवसापासून सांगत होते, हा एकटाच नासका आंबा.

---

अर्धाकोर्ट | मंगळ, दुपारी १:२०

पूर्ण पेटी बघितल्याशिवाय एकच आंबा नासका म्हणणं घाईचंच. इथे मी तुझ्या बाजूने.

पण डॉनहीला जिंकण्यासाठी चुकीची शिट्टी मारावीच लागत होती असं नाही, हे मला जास्त भयंकर वाटतं. त्याच्याकडे माहिती होती. आज रात्री कुठले तीन रेफ्री कुठल्या मॅचला आहेत, कुठल्या रेफ्रीचं कुठल्या खेळाडूशी वाकडं आहे, कोण यजमानांना झुकतं माप देतो. तेव्हा रेफ्रींची नावं मॅचच्या जेमतेम दीड तास आधी जाहीर व्हायची, म्हणून ती गुपितं विकता यायची. प्रकरण फुटल्यावर लीगने मॅचच्या दिवशी सकाळीच नावं जाहीर करायला सुरुवात केली. एवढ्या एका गोष्टीने त्या गुपिताचा भाव शून्य झाला.

वाकडं म्हणजे काय याचा नमुना हवा तर एप्रिल २००७. सॅन अँटोनियोचा टिम डंकन, अख्ख्या लीगमधला सर्वांत शांत माणूस, बाकावर बसून हसला म्हणून रेफ्री जोई क्रॉफर्डने त्याला बाहेर काढलं. लीगने क्रॉफर्डला उरलेल्या सीझनसाठी घरी बसवलं. पैशाचा संबंधच नाही. पण या दोघांचं जमत नाही हे आधी माहीत असणारा जुगारी त्या रात्री कशावर लावेल, विचार कर.

आणि २००७ ला चौकशीत निघालं की रेफ्रींना जुगाराची मनाई असताना निम्म्याहून जास्त जण कॅसिनोत जाऊन आले होते. ते मॅच फिक्सिंग नव्हे. तरी नियमाची किंमत कळते.

---

डिचोलीची_लेक | मंगळ, दुपारी २:०५

२०१५ पासून एनबीए अटीतटीच्या मॅचेसच्या शेवटच्या दोन मिनिटांतल्या शिट्ट्यांचा अहवाल दुसऱ्या दिवशी छापते. कुठली बरोबर, कुठली चूक, कुठली मारायला हवी होती. रेफ्रींच्या संघटनेला ते आवडत नाही, कारण निकाल बदलत नाही आणि शिव्या मात्र नावानिशी मिळतात. मला आवडतं. पण आजोबांनी सांगितलेली आठ गुणांवरची शिट्टी त्या अहवालात येणारच नाही. तो फक्त अटीतटीच्या मॅचेसचा असतो.

अर्धाकोर्ट, तुमचा अहवाल कुठाय? पिवळ्यांच्या सरांना सांगितलंत का?

---

अर्धाकोर्ट | बुध, रात्री १०:१०

सांगितलं. आज शाळा सुटल्यावर गेलो. सर मैदानावरच होते, पोरं लेअपची रांग लावून धावत होती. मोबाइल पुढे केला. त्यांनी दोनदा पाहिलं आणि म्हणाले, "मला तेव्हाच दिसलं होतं. तू मध्यरेषेजवळ होतास रे, तिथून पाय दिसतच नाहीत. शॉट सुटायच्या आधी बेसलाइनला पोचायला हवं होतंस." एवढंच. निकालाबद्दल एक शब्द नाही. मला शिवी खायची तयारी होती, त्यामुळे उलट अवघडल्यासारखं झालं.

निघताना तो पिवळ्यातला पोरगा बॉल काखेत घेऊन आला. नववीत असेल. म्हणाला, "सर, माझे पाय होते ना जाग्यार?"

होते म्हटलं.

"मग बरें," म्हणाला आणि परत रांगेत गेला.

---

पर्पल_राजा | बुध, रात्री १०:२४

मी त्या पोराचा फॅन. किंग्जने त्याला आत्ताच साइन करावं.

रविवारी फायनलला शिट्टी कुणाकडे?

---

अर्धाकोर्ट | बुध, रात्री १०:३०

मी नको म्हणून सांगितलंय. टेबलावर बसणार, २४ सेकंदांच्या घड्याळाला.

---

सुंगटाचें_हुमण | बुध, रात्री १०:३१

साडेतीनशे तेच, की घड्याळाचे कमी?

---

अर्धाकोर्ट | बुध, रात्री १०:३३

दोनशे. सामोसा तोच.